उपाशीपोटी माप

मास्तरांनी कोट अंगात घातला, बटणं लावली आणि दुकानातल्या उभ्या आरशासमोर जाऊन थांबले. कोट उत्तम झाला होता. कॉलर मानेला धरून बसली होती, बाही मनगटावर जिथे थांबावी तिथेच थांबली होती, खिशांची झाकणं एका ओळीत होती. फक्त कोटाच्या आत कुणीतरी असायला हवं होतं, ते अजून आल्यासारखं वाटत नव्हतं.

दाराजवळच्या उजेडात काजं करत बसलेल्या बायकोने चष्म्यावरून पाहिलं.

"कसा झालाय?" मास्तरांनी विचारलं.

"छान झालाय. घालून कधी बघणार?"

"अगं, घातलाय की!"

"हो का?" तिने दोरा दातांनी तोडला. "मला वाटलं, हँगरला लावलाय."

मास्तरांनी हयातभर लोकांना खांदे पुरवले होते. कापायच्या टेबलाखाली पत्र्याचा एक डबा होता आणि त्यात पॅडच्या जोड्या रचून ठेवलेल्या होत्या. वाकलेले हेडमास्तर, निवडणुकीत पडलेले उमेदवार, लग्नाला उभी राहिलेली काडीपैलवान पोरं, सगळे त्या डब्याचे उपकार अंगावर घेऊन हिंडत होते. मास्तरांच्या दुकानातून कोट घालून निघालेल्या माणसाला घरचेही आठवडाभर जरा आदराने हाक मारत. पण स्वतःसाठी मास्तरांनी कधी कोट शिवला नव्हता. आता लेक परगावी शिकून पदवीधर होणार होती, आणि तिने फोनवर सांगितलं होतं, "बाबा, सगळ्या जगाला कोट शिवलेत. पदवीदानाला स्वतः घालून या. पहिल्या रांगेत बसायचंय तुम्हाला."

"घाला की एक जोडी पॅड," बायको म्हणाली. "डबा भरलाय नुसता."

"ह्या कोटात पॅड पडणार नाही!" मास्तर नको तितक्या मोठ्याने म्हणाले. "लेकीच्या पदवीदानाला मी माझ्या स्वतःच्या खांद्यांवर जाणार."

इस्त्री करत असलेले कारागीर काका थांबले. काकांची आणि दुकानाची उमर जवळपास सारखी होती, आणि बोललेला शब्द ते जसाच्या तसा धरत. "मास्तर," ते काळजीने म्हणाले, "स्वतःच्या खांद्यांवर कसं जाता येईल? जाणारा माणूस दुसऱ्यांच्याच खांद्यावर जातो."

अशी ती प्रतिज्ञा झाली. केलेली प्रतिज्ञा दुकानात दोन साक्षीदारांनी ऐकली होती आणि त्यातली एक बायको होती, त्यामुळे माघार घ्यायची सोय उरली नव्हती.

योगायोगाने त्याच आठवड्यात दुकानात डोंगर आला. मागच्या गल्लीतली व्यायामशाळा त्याची. लोक त्याला तोंडावर डोंगर म्हणत आणि तो ओ देई. व्यायामशाळेची दुसरी शाखा निघत होती, तिच्या उद्घाटनाला सूट हवा होता, आणि तयार कपड्यांच्या दुकानांनी त्याच्यापुढे हात टेकले होते. मास्तरांनी दुपारी, नुकतंच जेवण झालेलं असताना, त्याचं माप घेतलं. माप घेऊन होईस्तोवर डोंगर श्वास रोखून उभा होता, त्यामुळे विचारलेल्या प्रश्नांना तो नुसती मान हलवत होता. छातीचा आकडा ऐकून काकांनी तो दोनदा विचारून घेतला.

काका दोरा आणायला बाहेर गेले तसे मास्तर हळूच म्हणाले, "एक विचारू का? हे असं सगळं... कुणालाही जमतं?"

डोंगराने कोंडलेला श्वास एकदाचा सोडला. टेबलावरचे कागदी साचे उडाले. "मनावर असतं, मास्तर. या उद्यापासून."

दुसऱ्या दिवसापासून मास्तर पहाटे उठून बाहेर पडू लागले. बायकोला त्यांनी सांगितलं, गिऱ्हाइकाच्या घरी ट्रायलला जातोय. बायको म्हणाली, "बरं." ही बायको इतक्या चटकन बरं म्हणणारी नव्हती, हे त्या वेळी मास्तरांच्या लक्षात यायला हवं होतं.

व्यायामशाळेत त्यांनी वजनं उचलली, म्हणजे जी वजनं तयार झाली ती उचलली. दंड दुखले, पोटऱ्या दुखल्या, शिंकताना कुठे कुठे दुखतं याची नव्याने माहिती झाली. पण दर आठवड्याला दंडाभोवती टेप गुंडाळली की आकडा तोच. मास्तरांना शेवटी टेपचाच संशय आला. त्यांनी नवी टेप आणली. नवी टेप जुन्या टेपशी पूर्ण सहमत निघाली.

"मास्तर, कष्टात तुम्ही कमी नाही," एके दिवशी डोंगर म्हणाला. "पण आतून साथ नाही. एकदा टेस्टोस्टेरॉन तपासून घ्या."

डोंगराचा खासगी आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जात असे.

"हळू बोला हो! ते काय असतं?"

"पुरुषांचं हार्मोन. ते पुरेसं असलं की मसल धरतात. ते कमी पडलं की मग कितीही लोखंड उचला, अंगाला लागत नाही."

मास्तरांनी ते आपल्या भाषेत करून घेतलं. कापड आहे, मशीन चालू आहे, पाय हलतोय, पण सुईत दोराच नाही. मग शिलाई दिसणार कुठून? आपल्या इतक्या वर्षांच्या आयुष्यात सुईत दोरा नव्हता की काय, या विचारात त्यांनी त्या दिवशी दोन खिसे चुकीच्या जागी लावले.

लॅबमध्ये ते दुपारी गेले, कारण दुपारी दुकानात काका एकटे पेंगत असत. सीझन चालू होता, जागरणं करून ऑर्डरी पुऱ्या करणं चाललं होतं, डोळे चुरचुरत होते आणि पोटात नुकतंच झालेलं जेवण होतं. काउंटरवर एक हसतमुख मुलगी बसली होती. खुर्च्यांवर बसलेल्या माणसांपैकी निम्म्या लोकांच्या पँटी मास्तरांच्या हातच्या होत्या.

"कसली तपासणी, काका?"

मास्तरांनी ओठ हलवले.

"काय?"

मास्तरांनी पुन्हा ओठ हलवले, या वेळी थोडी हवा घालून.

"अच्छा, टेस्टोस्टेरॉन!" मुलगी आनंदाने म्हणाली. खुर्च्यांवरच्या सगळ्या पँटी वळल्या.

रक्त देऊन झाल्यावर मास्तर पुन्हा काउंटरवर वाकले. मोबाइल घरात ज्याच्या हाती लागेल त्याचा असे, म्हणून त्यांनी दुकानाचा फोन नंबर दिला. "पण हे बघ बाळ, फोनवर त्याचं नाव घ्यायचं नाही."

"मग काय म्हणू?"

मास्तरांनी विचार केला. जन्मभर जो शब्द तोंडात होता तोच पुढे आला. "माप म्हण. माप आलंय, एवढंच म्हण. मी समजून घेईन."

मुलगी शब्दाला जागणारी होती. दोन दिवसांनी तिने फोन केला तेव्हा मास्तर बटणं आणायला गेले होते. फोन काकांनी घेतला.

"मास्तरांना सांगा, माप आलंय. पण फारच कमी आलंय."

"कमी?" काका म्हणाले. या दुकानातून कमी माप गेल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"दुपारी जेवून झाल्यावर घेतलं ना, म्हणूनही असेल. सकाळी लवकर, उपाशीपोटी पुन्हा घ्यावं लागेल. रात्री झोप नीट घ्यायची म्हणावं."

काकांनी फोन ठेवला आणि विचार केला. दुपारी, जेवणानंतर माप कुणाचं घेतलं होतं? एकाच माणसाचं. जेवल्यावर माप वाढायला हवं, कमी कसं होईल, अशी एक शंका त्यांच्या मनात येऊन गेली. पण वरून आलेल्या निरोपात शंका काढायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी लगेच डोंगराला फोन लावला.

मास्तर बटणं घेऊन आले तेव्हा काका कर्तव्य पार पाडलेल्या माणसाच्या चेहऱ्याने इस्त्री फिरवत होते.

"मास्तर, माप कमी आल्याचा फोन होता. उपाशीपोटी पुन्हा घ्यायचंय. मी कळवलं त्यांना."

मास्तरांच्या हातातली बटणं जमिनीवर पसरली. "कळवलं? कुणाला?"

"डोंगरांना. उद्या सकाळी येतायत. घाबरल्यासारखे वाटले."

ते माप माझं होतं, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. पण मग कसलं माप, असं काकांनी विचारलं असतं. दाराजवळ बायको काजं करत होती. तिची सुई एकदाही थांबली नाही, आणि त्यामुळेच मास्तरांना ती फार लक्ष देऊन ऐकत असल्यासारखी वाटली.

"बरं केलंत, काका," मास्तर म्हणाले आणि बटणं वेचायला टेबलाखाली गेले. तिथे ते गरजेपेक्षा बराच वेळ राहिले.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच डोंगर पायरीवर बसलेला होता. डोळे लाल, पोट खपाटीला.

"मास्तर, खरं सांगा. कमी म्हणजे किती कमी?"

"तसं काही नाही हो. खात्री करून घ्यायची, एवढंच. आमच्यात पद्धत आहे."

"उपाशीपोटी?"

"मोठ्या मापांना लागतं," मास्तर म्हणाले. एकदा खोटं बोलायला लागलं की माणसाला आपल्याच धंद्यातल्या किती नव्या गोष्टी कळतात, याचं त्यांना नवल वाटलं.

त्यांनी टेप छातीभोवती फिरवली. पाहिलं. पुन्हा फिरवली. छाती इंचभर कमी भरत होती. भीतीने डोंगराचे खांदे पुढे आले होते, आणि श्वास भरायचा तर तो साफ विसरला होता.

"श्वास भरा जरा."

"भरलाय की!" डोंगर कळवळून म्हणाला.

काकांनी शांतपणे खाली पाहिलं. फोनवरचा निरोप खरा ठरला, याचं समाधान लपवायचा ते प्रयत्न करत होते.

त्या इंचाने डोंगराची झोप उडवली. तो दिवसातून दोनदा व्यायाम करू लागला, अन्न त्याच्या घशाखाली उतरेना, आणि व्यायामशाळेतल्या प्रत्येक आरशासमोर तो छाती मोजत उभा राही. येणाऱ्या पोरांना शिकवायचं सोडून त्यांनाच विचारी, "मी उतरलोय का रे?" पोरांनी ते घरी सांगितलं. डोंगर खचतोय, अशी बातमी गावभर झाली. ती ऐकून एका ट्रकवाल्याने म्हणे चौकात थांबून विचारलं, रस्ता कुठल्या बाजूने बंद आहे.

मास्तरांना घास गोड लागेना. एका बाजूला चांगला धडधाकट माणूस आपल्यापायी वाळत चालला होता, दुसऱ्या बाजूला एका वाक्यात आपली अब्रू जाणार होती. त्यांनी रोज ठरवलं, आज सांगून टाकायचं. रोज व्यायामशाळेत जाऊन ते एवढंच म्हणाले, "जेवत जा हो."

दरम्यान त्यांचं स्वतःचं माप पुन्हा द्यायचं राहिलंच होतं. एका रात्री लवकर झोपून, सकाळी चहासुद्धा न घेता ते लॅबमध्ये पोहोचले. कोपऱ्यातल्या खुर्चीवर कुणीतरी डोक्यावरून टॉवेल घेऊन बसलं होतं. टॉवेल माणसाला पुरत नव्हता. दोन्ही बाजूंनी डोंगर दिसत होता.

"मास्तर? तुम्ही इथे?"

"मी... असंच. माप घ्यायला."

"लॅबमध्ये?"

एवढ्यात काउंटरवरून प्रेमळ आवाज आला. "मापवाले काका! या. आज उपाशीपोटी आलात ना? मागच्या खेपेला जेवून आलात, म्हणून फार कमी आलं होतं."

डोंगराने टॉवेल डोक्यावरून काढला. विचार करायची त्याला घाई नसे. तो एकेक शब्द उचलून ठेवत गेला. "माप... कमी... उपाशीपोटी..." मग त्याने मास्तरांकडे पाहिलं. "म्हणजे तो फोन..."

"माझ्यासाठी होता," मास्तर म्हणाले. खुर्च्यांवरच्या ओळखीच्या पँटी ऐकत होत्या, पण आता त्यांना इलाज नव्हता. "तुमचं काही कमी झालं नाही. पहिल्या वेळी तुम्ही श्वास भरून उभे होतात."

"मी कायमच भरून उभा असतो!"

"नंतर आलात त्या दिवशी तो घरी राहिला."

आता आपल्याला भिंतीवर टांगतील अशा तयारीने मास्तरांनी डोळे मिटले. पण डोंगराने त्यांना नुसतं उचललं, छातीशी धरलं आणि हळूच पुन्हा खाली ठेवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "मास्तर, मी तीन वेळा टेप बदलली हो!"

"मी एकदाच," मास्तर म्हणाले.

"तुम्ही पण उपाशीच आहात ना?" मुलीने डोंगराला विचारलं. "मग देऊनच जा रक्त." आलोच आहोत, उपाशीच आहोत, म्हणून डोंगरानेही हात पुढे केला, आणि निकालासाठी दुकानाचाच नंबर दिला.

या वेळच्या निकालाचा फोन बायकोने घेतला. ती "हं, हं" करत राहिली, मग फोन ठेवून काजं करायला बसली. सुईत दोरा ओवून झाल्यावर म्हणाली, "तुमचं टेस्टोस्टेरॉन ठीक आहे म्हणे. काठावर आहे, पण पास. डोंगरांचं मात्र घसरलंय. दोघांना डॉक्टरांनी बोलावलंय."

मास्तरांची कात्री कापडात अर्ध्यावर थांबली. "तुला... हे कुणी..."

"पहाटे कुठलं गिऱ्हाईक ट्रायलला बोलावतं? आणि ट्रायलहून टॉवेल घामाने भिजून येतो होय? धुते कोण? आणि माप कसलं, ते त्या मुलीने विचारल्याबरोबर सांगितलं."

"टेस्टो काय म्हणालात?" काकांनी मान वर केली. "नवीन कापड आलंय का? इस्त्रीला कसं आहे?"

डॉक्टर थोडक्यात आटपणारे होते. डोंगराला त्यांनी विचारलं, "नीट जेवण आणि झोप कधीपासून नाही?"

"माप कमी आल्यापासून."

"म्हणून हे कमी आलं. जा, जेवा, झोपा, मग पुन्हा तपासू." मग ते मास्तरांकडे वळले. "आणि तुमचं काय?"

"डॉक्टर, माझं जर ठीक आहे, तर मग अंगावर काही धरत का नाही?"

"दिवसभरात खाता काय?"

"सीझनमध्ये? दुपारी दोन घास, बाकी चहा."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "चहाचे स्नायू होत नाहीत," ते म्हणाले. "जेवा, झोपा, व्यायाम चालू ठेवा. वर्षभराने दिसेल काहीतरी."

वर्षभराने! पदवीदान तर दारात उभं होतं.

पण त्याआधी डोंगराचं उद्घाटन होतं. सूट श्वास भरलेल्या मापाने कापलेला होता आणि काळजीने उतरलेला डोंगर अजून पुरता भरून आला नव्हता. ट्रायलला कोट त्याच्या खांद्यांवरून ओघळला. तो आरशात बघत राहिला, मग काका आत गेल्याची खात्री करून मास्तरांच्या कानाशी वाकला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज रस्त्यापलीकडे गेला नाही.

"मास्तर... तुमच्याकडे ते काहीतरी असतं म्हणे. आतून घालायचं."

मास्तरांनी दुकानाचं दार लोटलं, टेबलाखालून डबा ओढला आणि एक जोडी काढली. असलं गुपित सांभाळायला ते आता पुरते लायक झाले होते.

"हाताला लागेल का?"

"नाही लागणार."

"आणि कुणी मिठी मारली तर?"

"उद्घाटनाला हात जोडायचे," मास्तर म्हणाले. "शोभून दिसतं."

उद्घाटन थाटात झालं. डोंगर पूर्वीसारखाच उभा राहिला, आणि सगळ्यांना हात जोडत राहिला. त्याच्या अंगी किती नम्रता आली, असं लोक बराच काळ बोलत होते.

पदवीदानाला निघायच्या सकाळी मास्तरांनी जड मनाने कोट अंगात घातला. महिनाभर त्यांनी त्याला हात लावला नव्हता. घडी करून, बाहीची काजं पुरी करायला म्हणून तो बायकोकडे दिला होता. बटणं लावून ते आरशासमोर उभे राहिले आणि बघतच राहिले. खांदे होते. जिथे असायला हवेत तिथे, नेमके, फार नाही, पण होते.

बायको पर्स शोधता शोधता मागे येऊन थांबली. चष्म्यावरून पाहून म्हणाली, "हं. आज आत कुणीतरी आहे."

"डॉक्टर तर म्हणाले होते, वर्ष लागेल," मास्तर पुटपुटले.

"डॉक्टरांना काय कळतंय?" ती म्हणाली आणि बोटातलं शिवणाचं टोपण काढून पर्समध्ये टाकलं.

टेबलाखालून काकांचा आवाज आला. ते डबा उपसून बसले होते. "मास्तर, पॅडची एक जोडी कमी भरतेय. म्हणजे एक डोंगरांना गेली, इस्त्री करताना दिसली मला, ती धरून दोन. दुसरी कुणाला दिली?"

पॅड आहे की नाही, हे मास्तरांना एका बोटाने कळलं असतं; परक्या माणसाच्या कोटातलं त्यांना लांबून नुसत्या नजरेने कळे. त्यांचा हात आपोआप उजव्या खांद्याकडे गेला. खांद्यावर पांढऱ्या दोऱ्याचा एक तुकडा चिकटला होता. तेवढा त्यांनी चिमटीत धरून काढला आणि हात खाली घेतला.

बायको दाराकडे पाठ करून चपला घालत होती. त्यात तिला आज फार वेळ लागत होता.

"काका," मास्तर कोट सारखा करत म्हणाले, "तुमचं मोजण्यात काहीतरी चुकतंय. उद्या सकाळी उपाशीपोटी पुन्हा मोजा."